आधी माणसांना भेटा, मग क्लास लावा

मुलीला सीए करायचं असं ठरतं, तेव्हा बहुतेक घरांत एकाही सीएचं पाऊल पडलेलं नसतं. ठरवतात आईवडील, क्लासचा काउन्सेलर आणि ठाण्याचे काका, ज्यांच्या सोसायटीतल्या कुणाचा तरी मुलगा सीए होऊन चांगला सेट झालाय. मुलगी फाउंडेशन देते, इंटर देते आणि आर्टिकलशिपला लागल्यावर तिला पहिल्यांदा दिसतं की सीए दिवसभर करतो काय. क्लायंटच्या गोडाऊनमध्ये धुळीत उभं राहून स्टॉक मोजणं म्हणजे काय. सप्टेंबरात ऑडिटचे रिपोर्ट संपवून रात्रीची शेवटून दुसरी लोकल पकडून कल्याणला परतणं म्हणजे काय. आवडलं तर उत्तमच. नाही आवडलं, तर एव्हाना उमेदीची वर्षं गेलेली असतात, क्लासच्या फीचे हप्ते गेलेले असतात आणि घरात हे सांगायचं कसं, या विचाराने झोप उडालेली असते.

ही सगळी फरफट सीए मंडळींसोबत घालवलेल्या एका संध्याकाळने वाचू शकते.

सीएंची इन्स्टिट्यूट १९४९ च्या कायद्याने उभी राहिली. तिची ठाण्याला शाखा आहे, कल्याण-डोंबिवलीला वेगळी शाखा आहे, विद्यार्थ्यांसाठी ‘विकासा’ ही संघटना आहे. प्रॅक्टिस करणाऱ्या, साठीच्या आतल्या सीएला तीन वर्षांत १२० तासांचं सीपीई, म्हणजे व्यवसायातलं सततचं शिक्षण, पूर्ण करावं लागतं. त्यामुळे जीएसटीत काय बदललं, ऑडिटच्या नव्या अटी कोणत्या, यांवर वर्षभर व्याख्यानं आणि स्टडी सर्कल चालू असतात. म्हणजे तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर सीए मंडळी नेमाने एकत्र जमतात, प्रश्नोत्तरं करतात, मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन गप्पा मारतात. त्यांतल्या एकाशीही तुमच्या मुलीची ओळख नाही. क्लासच्या फ्लेक्सवरचे टॉपर मात्र तिला नावानिशी आणि मार्कांनिशी पाठ आहेत.

सदस्यांच्या व्याख्यानाला बाहेरच्या विद्यार्थ्याला सरसकट प्रवेश नसतो, हे खरं. म्हणून विचारावं लागतं. शाखेच्या कमिटीवरच्या माणसाला फोन करावा लागतो, ‘बारावी कॉमर्सला आहे, मागे बसून ऐकलं तर चालेल का?’ असं म्हणावं लागतं. शाखा स्वतःही शाळा-कॉलेजांत करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम घेतात. तिथे पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, कारण त्यांना हजेरीसाठी बसवलेलं असतं.

सीएंचं उदाहरण आधी आलं, कारण ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या या पट्ट्यात घरटी एक तरी कॉमर्सवाला आहे. पण हेच सगळ्या धंद्यांत आहे. कॉस्ट अकाउंटंट्सचा कल्याण-अंबरनाथ चॅप्टर आहे, कंपनी सेक्रेटरींचा ठाणे चॅप्टर आहे. डॉक्टरांच्या आयएमएच्या ठाणे, कल्याण, डोंबिवली अशा शाखा आहेत. एसी आणि रेफ्रिजरेशनच्या इंजिनिअरांची ‘इशरे’ ही संघटना १९८१ पासून आहे, तिचाही ठाण्यात चॅप्टर आहे. वातानुकूलन हे आयुष्यभराचं काम होऊ शकतं, हे डोंबिवलीतल्या किती मेकॅनिकलवाल्यांच्या डोक्यात येतं? वकिलांचा बार आहे. वागळे इस्टेटमध्ये लघुउद्योजकांची ‘टिसा’ आहे, डोंबिवली एमआयडीसीत कारखानदारांची ‘कामा’, म्हणजे कल्याण-अंबरनाथ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन आहे.

माणसं जमवण्यात ही शहरं कच्ची आहेत, असं कुणी म्हणू नये. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीने सुरू केली आणि महाराष्ट्राने उचलली. लोकलच्या एकाच डब्यात वीस वर्षं उभ्याने जाणारे ग्रुप आहेत. ते दसऱ्याला डबा सजवतात, एकमेकांच्या मुलांच्या मुंजी-लग्नांना जातात, कुणाच्या आईचं ऑपरेशन असेल तर हॉस्पिटलबाहेर रात्र काढतात. पण त्याच ग्रुपमधल्या माणसाला विचारा की समोरचा गृहस्थ ऑफिसात नेमकं काय काम करतो. ‘बँकेत आहे’, ‘फार्मा कंपनीत आहे’, यापुढे गाडी जात नाही. सुख-दुःखं वाटून घेणारी माणसं आपलं काम मात्र एकमेकांना सांगत नाहीत आणि पोरं त्या कामाबद्दल अंधारात राहतात.

यात नुकसान कुणाचं होतं, ते बघा. वकिलाच्या मुलाला बारची गरज नाही. तो जेवणाच्या ताटावरच केस ऐकत मोठा झालेला असतो. डॉक्टर दांपत्याची मुलगी रेसिडेन्सीतल्या रात्री म्हणजे काय, हे शाळेत असतानाच जाणते. कारखानदाराच्या पोराला बँकेचं सीसी लिमिट काय असतं, हे बाबांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलेलं असतं. संघटना लागते ती उरलेल्यांना. ज्याचे वडील रिक्षा चालवतात, जिची आई पोळी-भाजी केंद्र चालवते, ज्याच्या खानदानात पहिल्यांदाच कुणी इंजिनिअर होणार आहे, त्याला. या मुलांचा दोष एवढाच की त्यांना विचारायला कुणी नाही. व्यावसायिक संघटना ही त्यांच्यासाठी ‘विचारायला कुणीतरी’ असण्याची सगळ्यात स्वस्त सोय आहे. आणि तीच मुलं तिथे पोचत नाहीत. याचा मला राग येतो.

ओळखीने नोकरी मिळते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण कोणत्या ओळखीने? मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना हेच विचारलं आणि १९७३ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती रोजच्या उठबशीतल्या माणसाकडून मिळाली होती. ५५ टक्क्यांहून जास्त लोकांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि जवळजवळ २८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. नवी खबर लांबच्या माणसाकडे असते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन कोटी लिंक्डइन वापरणाऱ्यांवरचा अभ्यास आला, त्यातही नोकरीला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या मध्यम कच्च्या ओळखीच. ठाण्याच्या काकांवर माझा राग नाही, पण ते जवळचे आहेत. त्यांच्याकडे नवी खबर असण्याची शक्यता कमी. तीन महिन्यांतून एकदा व्याख्यानाला भेटणाऱ्या, नाव अर्धवट आठवणाऱ्या बाई जास्त उपयोगाच्या.

आता विद्यार्थ्यांना दोन शब्द, जरा कडक.

चहाच्या सुट्टीत एखादं पोर धीर करून वक्त्यापाशी जातं आणि विचारतं, ‘सर, या फील्डला स्कोप आहे का?’ सर म्हणतात, ‘मेहनत केली तर सगळीकडे स्कोप आहे.’ संभाषण संपलं. हा प्रश्नच फेकून द्या. विचारा: काल सकाळी दहा ते एक तुम्ही काय केलंत? तुमच्याकडे नवीन आलेल्याला पहिल्या वर्षी काय काम देता आणि किती पैसे देता? तुमच्याकडून शेवटचा माणूस सोडून गेला तो का गेला? या कामातला कोणता भाग तुम्हाला अजिबात आवडत नाही? असं विचारलं की समोरचा माणूस कप खाली ठेवतो. मग तो सांगतो की ज्युनिअर वकिलाचा पहिला काळ तारखा घेण्यात आणि ऑर्डरच्या नकला मिळवण्यात जातो. आर्किटेक्टच्या ऑफिसात डिझाइन कमी आणि महापालिकेत प्लॅन पास करून घेण्याचे हेलपाटे जास्त असतात. साइट इंजिनिअरचा दिवस स्लॅबच्या वेळेवर ठरतो, घड्याळावर नाही. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. हे ऐकून ज्याचा उत्साह वाढला, त्याने पुढे जावं. ज्याचा उतरला, त्याचे पैसे वाचले.

आणि पहिल्याच भेटीत सीव्ही काढू नका. हॉलच्या दारात प्लास्टिक फोल्डर घेऊन उभा राहिलेला मुलगा दिसला की मोठी माणसं दुसऱ्या दाराने जातात, कारण त्यांना वाटतं की हा आता नोकरी मागणार. नोकरी मागायची नाहीये, माहिती मागायची आहे. माहिती द्यायला कुणालाही आवडतं. घरी आल्यावर दोन ओळींचा मेसेज करा, मराठीत केलात तरी चालतो. तुम्ही सांगितलेलं पुस्तक वाचलं, तुम्ही म्हणालात त्या माणसाला भेटलो, असं पुढच्या वेळी आवर्जून कळवा. सल्ला देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कळतं की त्यांच्या सल्ल्याचं पुढे काय झालं. ज्याने कळवलं, त्याचं नाव लक्षात राहतं आणि सहा महिन्यांनी ऑफिसात जागा निघाली की तेच नाव आठवतं.

एक सावधगिरीही हवी. धंद्यासाठी ओळखी वाढवणारे क्लब वेगळे. बीएनआयची सुरुवात १९८५ मध्ये अमेरिकेत झाली, तिच्या एका चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात आणि आठवड्याला भेटून एकमेकांना कामं देतात. माधवराव भिडे यांनी उभा केलेला सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांचा आहे आणि धंदा म्हणजे आपलं काम नव्हे, ही मराठी माणसाची समजूत मोडायला त्याची मदत झाली आहे. पण ज्याच्याकडे अजून विकायला काही नाही, त्या विद्यार्थ्यासाठी ही दारं नाहीत. तिथे पैसे भरण्याआधी धंदा उभा करा.

डोंबिवलीकडे वळू, कारण तिथे कामाबद्दलचं हे अज्ञान जिवावर बेततं. २६ मे २०१६ ला एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, कारखाने हलवा म्हणून मागणी झाली, नेते येऊन गेले. त्या काचा ज्यांच्या घरातल्या फुटल्या, त्यांच्यातलीच कितीतरी मुलं पेंढरकर कॉलेजला नाहीतर कल्याणच्या बिर्ला कॉलेजला केमिस्ट्रीत बीएस्सी करतात. त्यांना कुणीच सांगितलं नाही की कारखान्याची सुरक्षितता हा स्वतंत्र व्यवसाय आहे. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला, विशेषतः धोकादायक कारखान्याला, कायद्याने सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. त्याचं शिक्षण आहे, पदविका आहे. शीवला केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, डोंबिवलीहून स्लो लोकलने थेट. ४ मार्च १९६६ ला स्थापन झालेल्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलचं मुख्यालय नवी मुंबईत आहे आणि तोच ४ मार्च देशभर सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कारखान्यांत शपथ होते, पोस्टर स्पर्धा होते, बक्षिसं वाटली जातात. त्याच दिवशी गेट उघडून केमिस्ट्रीच्या मुलांना आत बोलवा. रिअ‍ॅक्टर दाखवा, रप्चर डिस्क कशासाठी असते ते दाखवा, रसायनाच्या धोक्यांची माहिती देणारं एमएसडीएस वाचायला शिकवा, वर्क परमिट भरून दाखवा. मोठे कारखाने हलतील तेव्हा हलतील. तोवर आतली परिस्थिती जाणणारी पोरं याच गावातून तयार झाली, तर गावाचंच भलं आहे. हे काम कामा आणि कॉलेजं मिळून करू शकतात, त्यासाठी मंत्रालयात खेटे घालायला नकोत.

ठाण्याचं चित्र याच्या उलटं आणि तितकंच चीड आणणारं. एमआयडीसी १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. आज तिथल्या कुठल्याही छोट्या कारखानदाराजवळ पाच मिनिटं उभे राहा, तो एकच रडगाणं गाईल: माणूस मिळत नाही. व्हीएमसीवर सेटिंग करणारा मिळत नाही, ड्रॉइंग वाचणारा मिळत नाही, क्वालिटीला मायक्रोमीटर नीट धरणारा मिळत नाही. तिथून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर डिप्लोमा झालेला मुलगा घरी बसून पोर्टलवर अर्ज भरतोय आणि म्हणतोय, नोकरी मिळत नाही. दोघंही खरं बोलतात. दोघांच्या मध्ये जी संस्था असायला हवी ती, म्हणजे ‘टिसा’, आहे, तिचं ऑफिस आहे, तिची कमिटी आहे. महिन्यातून एक दिवस दहा-दहा मुलांची टोळी सभासदांच्या शॉप फ्लोअरवर फिरवणं, एवढंच करायचं आहे.

त्याऐवजी बऱ्याच संघटनांमध्ये चालतं काय? मी अनेक संघटनांच्या कार्यक्रमांना मागच्या रांगेत बसलो आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मावळत्या अध्यक्षांचा सत्कार, उगवत्या अध्यक्षांचा सत्कार, प्रायोजकांचा सत्कार, शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप, मोमेंटो, फोटो. दोन तासांच्या कार्यक्रमात व्याख्यान पस्तीस मिनिटांचं आणि प्रश्नांना ‘वेळेअभावी’ पाच मिनिटं. बसायला आलेली दोन कॉलेजची मुलं शेवटच्या रांगेत, त्यांच्याशी कुणी एक वाक्य बोललेलं नाही. व्याख्यान सगळं इंग्रजीतून, बोलणारे मराठी, ऐकणारे मराठी, आणि ज्याला खरा प्रश्न पडलाय तो इंग्रजीत चुकेल या भीतीने हात वर करत नाही. बाईंनी, दादांनी मराठीत बोलून दाखवलं तर आभाळ कोसळणार आहे का? वेळेचंही तसंच. रात्री साडेआठला सुरू होणाऱ्या बैठकीला टिटवाळ्याची मुलगी येणार कशी आणि परत जाणार कशी? सकाळी सातच्या ब्रेकफास्ट मीटिंगला दोन लहान मुलांची आई येणार कशी? मग म्हणायचं, महिला पुढे येत नाहीत. रविवारी सकाळी अकराला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा हॉलमध्ये बैठक ठेवा आणि मग मोजा.

कॉलेजांनाही सोडत नाही. नॅकच्या मूल्यांकनाच्या फायलीत दाखवायला स्टुडंट चॅप्टर उघडायचा, उद्घाटनाचा बॅनर छापायचा, वर्षाला एक गेस्ट लेक्चर ठेवून जिओटॅग केलेले फोटो जोडायचे आणि विषय संपवायचा. ज्या सरांकडे हे काम दिलंय त्यांना लेक्चरं कमी करून मिळत नाहीत, बाहेर जाण्याचे पैसे मिळत नाहीत. तेही कंटाळतात, आणि त्यांचा कंटाळा मी समजू शकतो. पण ज्या मुलांच्या नावाने सभासद फी भरली जाते त्यांना आपण सभासद आहोत हेसुद्धा ठाऊक नसावं, हे अक्षम्य आहे.

विद्यार्थी म्हणजे संघटनेवरचा भार, असं ज्यांना वाटतं त्यांनी आर्किटेक्टांचा इतिहास पाहावा. आज देशभर शाखा असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स १९१७ मध्ये सुरू झाली ती मुंबईत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आर्किटेक्चर शिकलेल्यांची ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’ म्हणून. पहिले अध्यक्ष जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियाचं डिझाइन करणारे. एवढा कामाचा माणूस तरुणांच्या मंडळाचा अध्यक्ष व्हायला तयार झाला. १९२९ मध्ये त्याच मंडळाला आजचं नाव मिळालं. मुळात पोरांनीच उभी केलेली संस्था आहे ती.

आणखी मागे जायचं तर कान्हेरीला जा. तिथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणहून आलेल्या दात्यांची नावं त्यांच्या धंद्यासकट कोरली आहेत: कुणी सोनार, कुणी लोहार, कुणी व्यापारी. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवल्याची नोंद आहे, दोन हजार एकीकडे आणि एक हजार दुसरीकडे, व्याजाच्या दरासह. हा उषवदात म्हणजे राजाचा जावई, आणि तो आपली ठेव विश्वासाने विणकरांच्या संघटनेकडे ठेवत होता. अठरा-एकोणीसशे वर्षांपूर्वी या मुलुखात कारागिरांच्या संघटनेची एवढी पत होती. तेव्हा असोसिएशन हे परदेशी खूळ आहे, आपल्याला जमत नाही, ही सबब कुणी सांगू नये.

संघटनांच्या वार्षिक सभा येतील. या वेळी कुणीतरी उठून ठराव मांडा. प्रत्येक व्याख्यानाला दहा खुर्च्या बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी, पुढून तिसऱ्या रांगेत, फुकट. प्रश्नोत्तरांतला पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा, मराठीत विचारला तर उत्तर मराठीत. चहाच्या सुट्टीत कमिटीतल्या दोघांनी त्या मुलांसोबतच उभं राहायचं, एकमेकांसोबत नाही. वर्षात दहा सभासदांनी एकेक दिवस आपलं ऑफिस, दवाखाना, कारखाना त्यांना दाखवायचा. खर्च किती होईल असं खजिनदार विचारतील. त्यांना सांगा, दहा जणांचा चहा-वडा, आणि तो शालींच्या बजेटमधून वळता करून घ्या.